वाचकांची पत्रं, जाणकारांची उत्तरं : पाहुण्यांना नाशिक दाखवताना

या वेळच्या बहुतेक पत्रांत अडचण एकच आहे : पाहुणे येणार, दिवस थोडे, यादी लांबलचक. लेणी, घाट, डोंगर, पाखरं आणि माग यांच्याशी कायमचा संबंध असलेल्या आमच्या सहकाऱ्यांनी ही उत्तरं लिहिली आहेत.

प्रश्न : मुलाचे दोन परदेशी मित्र डिसेंबरात तीन दिवसांसाठी येत आहेत. पांडवलेणी, पंचवटी, त्र्यंबकेश्वर, सप्तशृंगी, शिर्डी, द्राक्षबाग आणि येवला एवढं बसवायचं आहे. गाडी आहे. क्रम कसा लावावा? (ठाण्याहून एक वाचक)

शिर्डी आणि सप्तशृंगी या फेरीतून काढून टाका. शिर्डी नाशिकपासून सुमारे ९० किलोमीटर, सप्तशृंगगड सुमारे ६५. अंतर जमून जाईल, पण दोन्हीकडे रांगेत किती वेळ जाईल ते आधी सांगता येत नाही. एक रांग लांबली की त्या दिवसाचे पुढचे बेत बुडालेच.

बाकीचं दिशा धरून लावा. पहिला दिवस शहराचा. सकाळी नऊच्या आत पांडवलेणी, दुपारी जेवण आणि आराम, चारनंतर पंचवटी पायी, शेवटी रामकुंडावरची गोदाआरती. दुसरा दिवस पूर्वेचा. पहाटे साडेपाचला निघालात तर उजाडताना नांदूरमध्यमेश्वरला पोचता. साडेदहापर्यंत पक्षी बघून निफाड, विंचूर या रस्त्याने येवला गाठा आणि दुपारचे दोन-तीन तास पैठणीच्या मागापाशी घालवा. विंचूरपासून लासलगाव जवळच आहे. बाजार सुरू असेल तर कांद्याचा लिलाव पंधरा मिनिटं जरूर दाखवा. ट्रॅक्टरांच्या रांगा, ढिगाजवळ उभा राहून भाव पुकारणारा माणूस, हातात कांदा दाबून बघणारे व्यापारी हे दृश्य परक्या माणसाला कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा जास्त सांगतं. मात्र वाहनांच्या वाटेत उभे राहू नका.

तिसरा दिवस पश्चिमेचा. सकाळी त्र्यंबकेश्वर, परतताना अंजनेरीजवळचं नाण्यांचं संग्रहालय, संध्याकाळी गंगापूर धरणाच्या बाजूची एखादी द्राक्षबाग. हा दिवस सोमवारी येऊ देऊ नका, त्र्यंबकला सोमवारी गर्दी दुप्पट होते.

प्रश्न : पांडवलेणी दोनदा बघितली. प्रत्येक वेळी पायऱ्या चढून दमायला झालं आणि अंधाऱ्या खोल्यांशिवाय हाती काही लागलं नाही. तिथे नेमकं बघायचं काय? (सांगलीहून एक शिक्षिका)

बाई, तुमची तक्रार रास्त आहे. ही लेणी अजिंठ्यासारखी समोरून बोलत नाहीत. ती वाचावी लागतात, आणि वाचायची म्हणजे अक्षरशः वाचायची, कारण इथली खरी संपत्ती भिंतींवरचे शिलालेख आहेत. पांडवांशी त्यांचा संबंध नावापुरता. लेखांत या डोंगराला ‘तिरण्हु’ म्हटलं आहे, त्यावरून त्रिरश्मी. एकूण २४ लेणी, त्यांतलं १८ क्रमांकाचं एकच चैत्यगृह, म्हणजे स्तूपाच्या पूजेची जागा, बाकी बहुतेक भिक्खूंच्या राहण्याचे विहार.

सगळी बघू नका. ३, १०, १७, १८ आणि १९ एवढी पाच बघा, दीड तास द्या.

सुरुवात १० पासून करा. हा नहपान या क्षत्रप म्हणजे शक राजाच्या काळातला विहार, नहपानाचा जावई उषवदात याने कोरवलेला. व्हरांड्यातल्या लेखात त्याच्या दानाचा हिशेब आहे. त्याने ३,००० कार्षापणं, म्हणजे त्या काळची नाणी, कायमची ठेव म्हणून गोवर्धन इथल्या कोष्ट्यांच्या श्रेणींकडे, म्हणजे विणकरांच्या संघांकडे ठेवली. २,००० एका श्रेणीकडे, महिना शेकडा एक दराने. १,००० दुसरीकडे, महिना शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत काढायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पावसाळ्यात इथे राहणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापणं चीवरासाठी, म्हणजे कपड्यासाठी. आता मुलांना गणित घाला : २,००० वर महिना शेकडा एक म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. आणि २० भिक्खूंचे बाराप्रमाणे २४०. हिशेब चोख जुळतो. जवळजवळ १,९०० वर्षांपूर्वी नाशिकच्या विणकरांची पत एवढी होती की राजाचा जावई त्यांच्याकडे ठेव ठेवत होता, ही गोष्ट वर्गात सांगण्याजोगी आहे. याच लेण्यात उषवदाताची बायको दक्षमित्रा हिनेही खोली दान दिल्याचा लेख आहे.

मग ३ क्रमांकात या. दहाचीच प्रत काढावी तसा हा विहार आहे आणि त्यामागे चढाओढ आहे. नहपानाचा पराभव केला गौतमीपुत्र सातकर्णीने, आणि हे लेणं दिलं त्याच्या आईने, गौतमी बलश्रीने, नातू पुळुमावीच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी. म्हाताऱ्या आईने गेलेल्या मुलाचं वर्णन करताना त्याने क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या कुळाचा, वंश उरू दिला नाही आणि त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, असं लिहवून ठेवलं आहे. दाराभोवतीचं कोरीव तोरण नीट बघा, दगडात कोरलेलं असूनही त्याची घडण लाकडी तोरणाची आहे. व्हरांड्याच्या खाली खांद्यांवर भार पेलणारे सहा धिप्पाड यक्ष आहेत. त्यांच्याकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही, कारण सगळे वर बघत आत शिरतात. दोन्ही लेण्यांतल्या खांबांचे माथे ताडून बघा. दहाचे उपड्या घंटेसारखे आणि डौलदार, तीनचे घटासारखे आणि आखूड.

१७ मधला लेख सांगतो की हे लेणं धर्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त याने दिलं. तो स्वतःला उत्तरेकडचा, दत्तामित्रीचा योनक म्हणजे ग्रीक म्हणवतो. परदेशी पाहुणे बरोबर असतील तर इथे थांबाच. १८ च्या दर्शनी कमानीवर ‘नासिककांनं धंभिकगामस दानं’ असं आहे, म्हणजे नाशिककरांच्या धंभिक गावाचं दान. १९ हे सगळ्यांत जुनं. सातवाहन कुळातला कन्ह राजा असताना नाशिकच्या एका महामात्राने, म्हणजे बड्या अधिकाऱ्याने, ते करवलं. आपल्या गावाचं नाव दोन हजार वर्षांपूर्वीच्या दगडात स्वतःच्या डोळ्यांनी बघता येतं, हे भाग्य थोड्या शहरांना लाभलं आहे.

आता कसं बघायचं ते. लेणी डोंगराच्या उत्तर अंगाला आहेत, त्यामुळे आत ऊन थेट येत नाही आणि समोरून विजेरी मारली तर भिंत सपाट दिसते. विजेरी भिंतीपासून हातभर लांब, एका बाजूला धरा आणि उजेड जवळजवळ भिंतीला घासून जाऊ द्या. खोदलेल्या अक्षरात सावली पडते आणि ओळ उठून येते. अक्षर दिसावं म्हणून खडू, पीठ किंवा पाणी लावणं हा गुन्हा आहे आणि लेखाची कायमची हानी आहे. ब्राह्मी येत नसली तरी ‘न’ ओळखायला शिकवा : एक उभी रेघ, तळाशी आडवी रेघ. मुलं भिंतभर ‘न’ शोधत बसतात.

पायऱ्या सावकाश चढल्या तर वीस मिनिटांच्या. पाणी खालूनच घ्या. पावसाळ्यात कातळावर शेवाळ असतं, बूट घट्ट पकडीचे हवेत. कड्याला आग्या मोहोळं असू शकतात. धूर, उग्र अत्तर आणि आरडाओरडा टाळा. पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारक आहे. फाळके त्र्यंबकचे, १८७० चा जन्म.

प्रश्न : पंचवटीत मुलांना कंटाळा येतो. सगळी देवळं एकसारखी वाटतात म्हणतात. (बेळगावहून एक आजोबा)

आजोबा, देवळांची यादी उरकू नका, प्रत्येक ठिकाणी एक गोष्ट शोधायला लावा.

सुरुवात गंगेवर. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती ही शहराची पूरमापक पट्टी आहे. पावसाळ्यात ‘पाणी दुतोंड्याच्या कमरेला लागलं’ एवढं वाक्य ऐकलं की जुन्या नाशकातला दुकानदार माल वर चढवायला घेतो. मुलांना विचारा, पाणी छातीला लागलं तर घाटावरचं कुठलं देऊळ बुडेल? उत्तर शोधायला ती स्वतःच काठभर फिरतील.

पलीकडे नारोशंकराचं देऊळ, १७४७ चं. तिथली मोठी घंटा पोर्तुगीज आहे, तिच्यावर १७२१ हे साल आहे. १७३९ च्या वसईच्या विजयानंतर ती इकडे आली असं मानतात. कपालेश्वराला वर चढून गेल्यावर ‘काय कमी आहे?’ असं विचारा. महादेवासमोर नंदी नाही. कथा अशी की ब्रह्महत्येच्या पापातून सुटण्याचा मार्ग इथे नंदीने शंकराला दाखवला, म्हणून तो गुरू ठरला आणि गुरूला समोर बसवायचं नाही.

काळाराम मंदिर सरदार ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलं, दगड रामशेजच्या डोंगरातला. इथे थोडं थांबा आणि मुलांना दरवाजा दाखवा. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्य मानलेल्या माणसांनी याच देवळात प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह सुरू केला. तो पुढे काही वर्षं चालला, आणि दार उघडलं नाही. त्यानंतर १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात ‘हिंदू म्हणून मरणार नाही’ ही घोषणा झाली. रामनवमीचं वर्णन सांगताना हे गाळलं तर नाशिकची अर्धीच ओळख होते.

सीतागुंफेची वाट अरुंद आणि बसकी आहे, वाकून आणि बसत-सरकत जावं लागतं. दम्याच्या, गुडघ्याच्या आणि बंद जागेची भीती असणाऱ्या माणसांनी बाहेरच थांबावं. मध्येच मागे फिरता येत नाही, मागे रांग असते.

एक सूचना. सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला ठरलं आहे. पर्वणीची पहिली दोन स्नानं २ ऑगस्ट आणि ३१ ऑगस्ट २०२७ ला आहेत, तिसरं नाशकात ११ आणि त्र्यंबकला १२ सप्टेंबरला. वैष्णव आखाडे रामकुंडावर, शैव आखाडे त्र्यंबकला कुशावर्त कुंडावर. या तारखांच्या आसपास मुलांना घेऊन निवांत पंचवटी बघणं जमणार नाही. त्याआधीही घाटावरच्या कामांमुळे रस्ते बदलतात, रिक्षावाल्याला विचारूनच वळा.

प्रश्न : आई-वडील सत्तरीचे आहेत. ब्रह्मगिरीला जायचं म्हणतात. फेरी करावी की वर चढावं? (अमरावतीहून एक वाचक)

या दोन नव्हे, चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि घोळ इथेच होतो.

एक, त्र्यंबकेश्वराचं दर्शन. दोन, गंगाद्वार : सातशेच्या आसपास पायऱ्या, निवांत चढलं तर तासभर. तीन, ब्रह्मगिरीचा माथा, जिथे गोदावरीचा उगम मानतात : तिथवर पोचायला अडीच तास धरा आणि उतरायला दोन. चार, ब्रह्मगिरीची फेरी, म्हणजे डोंगराला पायी प्रदक्षिणा : लहान फेरी सुमारे २० किलोमीटर, मोठी त्याच्या दुप्पट. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी लाखोंनी लोक ती अनवाणी करतात.

सत्तरीच्या माणसांनी फेरी नको आणि माथाही नको. गंगाद्वार चालेल, तेही नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, सकाळी सातला सुरुवात करून. गुडघ्याला त्रास चढताना होत नाही, उतरताना होतो. म्हणून वर पोचल्यावर ‘अजून जमेल’ असं वाटलं तरी पुढे जाऊ नका. उतरताना काठी पुढे टेकवून मग पाऊल टाकावं. माकडं फार आहेत. हातात प्लास्टिकची पिशवी दिसली की ती खाण्याचीच आहे असं त्यांना वाटतं, म्हणून सगळं पाठीवरच्या बंद पिशवीत ठेवा. त्यांच्याशी ओढाताण करण्यात पडणं होतं, चावणं होतं.

नदीची गोष्ट आई-वडिलांना अशी दाखवा : माथ्यावर उगम, गंगाद्वारापाशी पुन्हा दर्शन, आणि खाली गावात कुशावर्त, जिथे गौतम ऋषींनी कुश टाकून तिला अडवलं अशी कथा. तिन्ही ठिकाणी एकाच पाण्याची पूजा होते.

मंदिर नानासाहेब पेशव्यांच्या काळी, १७५५ पासून बांधायला घेतलं आणि तीस वर्षं काम चाललं. पिंडीवर उंचवटा नाही, खोलगट जागेत अंगठ्याएवढी तीन लिंगं आहेत, ब्रह्मा, विष्णू आणि महेशाची. लांबून ती दिसत नाहीत. वर लावलेल्या आरशात बघा, समोरच्या गर्दीत मान उंचावत बसू नका. दर सोमवारी देवाची पालखी कुशावर्तावर जाते, ती रस्त्यावर उभं राहूनही छान दिसते. गावातच संत निवृत्तिनाथांची समाधी आहे. पौष वद्य एकादशीला तिथे राज्यभरातून दिंड्या येतात, त्या दिवशी मुक्कामाची सोय आधी करूनच निघा.

प्रश्न : जुलैत मित्रांबरोबर हरिहर किल्ला आणि दुगारवाडीचा धबधबा असा एक दिवस काढायचा आहे. (पुण्याहून एक विद्यार्थी)

दोन्ही एका दिवशी नको, आणि भर पावसात हरिहर तर मुळीच नको.

हरिहरचा कातळजिना जवळजवळ उभा आहे. प्रत्येक पायरीत बोटं अडकवायला खोबण्या आहेत आणि त्या खोबण्यांच्या भरवशावरच माणसं चढतात. पावसात खोबणीत पाणी साठतं, तळाशी चिखल बसतो आणि बोट सरकतं. पण अपघाताचं मोठं कारण निसरडं नाही, गर्दी आहे. जिना एकावेळी एकाच माणसाचा. वरून उतरणारे आणि खालून चढणारे मध्ये भेटले की कुणालातरी कडेला सरकावं लागतं. सुट्टीच्या दिवशी लोक जिन्यावरच तास-तास अडकून राहतात, पाय थरथरायला लागतात, आणि मग चूक होते. म्हणून ऑक्टोबर ते जानेवारी, मधला वार, निरगुडपाड्याहून सकाळी सहाला. उतरताना तोंड कातळाकडे, पाठ दरीकडे, हातपाय मिळून चारांपैकी तीन नेहमी टेकलेले. सेल्फीसाठी जिन्यावर थांबू नका. पावसाळ्यात वनविभाग संख्येवर मर्यादा किंवा बंदी घालतो, ती असेल तर परत फिरा.

दुगारवाडीला जाताना ओढा ओलांडावा लागतो. आषाढात माती पाण्याने भरलेली असते, त्यात आणखी मुरत नाही. वरच्या पठारावर सर आली की तिचं पाणी थोड्याच वेळात खाली येतं, तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी. लक्षणं ओळखा : स्वच्छ पाणी चहासारखं होणं, काटक्या-पालापाचोळा वाहत येणं, आवाज खोल आणि सलग होणं. यांतलं एक दिसलं की तुम्ही ज्या काठावर असाल त्या काठावर उंच जा. पलीकडे गाडी आहे म्हणून पाण्यात उतरू नका. गुडघ्यावर वेगाचं पाणी आलं की धट्टाकट्टा माणूसही उभा राहत नाही. पाणी ओसरायला दोन-तीन तास लागतील, थांबा. जीव जातात ते या दोन-तीन तासांची घाई केल्यामुळे.

पावसाळाच बघायचा असेल तर अंजनेरी करा. नाशिकपासून २० किलोमीटर, वाट मळलेली, पठारावर अंजनीमातेचं मंदिर. ऑगस्ट-सप्टेंबरात इथे कंदीलपुष्प फुलतं. त्याच्या एका जातीच्या शास्त्रीय नावातच अंजनेरी आहे. फूल म्हणजे छोटासा कंदील. गंधाने चिलटं नळीत उतरतात, आतल्या खाली वळलेल्या केसांमुळे त्यांना बाहेर येता येत नाही. केस सुकले की ती परागकण घेऊन सुटतात आणि दुसऱ्या फुलात शिरतात. फूल बोटभर आणि हिरवट, गवतात लपलेलं. मळलेली वाट सोडून फोटोसाठी गवत तुडवलंत तर ज्यासाठी आलात तेच पायाखाली जाईल. ही विनंती मनापासून आहे, कारण या झाडाला जायला दुसरा डोंगर फारसा उरलेला नाही.

प्रश्न : नांदूरमध्यमेश्वरला दोन वेळा जाऊनही रोहित पक्षी (फ्लेमिंगो) दिसले नाहीत. (नगरहून एक वाचक)

बहुधा पाणी जास्त होतं, किंवा तुम्ही उशिरा पोचलात.

गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचा हा जुना बंधारा गाळाने भरत गेला आणि त्यातूनच पाखरांना हवी तशी उथळ दलदल तयार झाली. रोहित उथळ पाण्यात चोच उलटी बुडवून खातो, पाणी खोल असेल तर त्याला इथे काहीच नसतं. म्हणून पाणी उतरू लागलं की, जानेवारीनंतर, शक्यता वाढते. पण रोहितासाठी अडून बसू नका. डिसेंबरात तलवार बदक, चक्रवाक, थापट्या, जांभळी पाणकोंबडी, मुग्धबलाक आणि वरून घिरट्या घालणारा दलदली भोवत्या एवढे तर मिळतातच. २०२० मध्ये जाहीर झालेलं हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा.

चापडगावच्या बाजूने जा, तिथे मनोरे आहेत आणि गावातले प्रशिक्षित वाटाडे मिळतात. वाटाड्या घ्याच, त्याच्याकडची मोठी दुर्बीण तुमच्या डोळ्यांपेक्षा किती तरी पुढचं दाखवते. स्वतःची दुर्बीण ८ बाय ४२ ची पुरे. जास्त पटीची हातात थरथरते. सूर्य पाठीशी राहील असा मनोरा निवडा, नाहीतर सगळी पाखरं काळीच दिसतील. साडेनऊनंतर पाण्यावरची हवा तापून चित्र लहरतं, फोटोही बिघडतात. भडक कपडे, मोठ्याने बोलणं आणि ड्रोन तिन्ही नकोत.

प्रश्न : लेकीच्या लग्नासाठी येवल्याहून हातमागाची पैठणी घ्यायची आहे. फसवणूक कशी टाळावी? (लातूरहून एक आई)

ताई, दुकानात शिरण्याआधी माग बघा. पाऊण तास मागापाशी बसलात तर पुढची निवड तुम्हीच कराल.

खऱ्या पैठणीच्या पदरात आणि काठात आडव्या धाग्याचा प्रत्येक रंग स्वतंत्र छोट्या तिल्लीवर असतो. मोराचा निळा रंग जिथे संपतो तिथून तिल्ली मागे वळते आणि शेजारच्या रंगाच्या धाग्याशी अडकते. धागा मागच्या बाजूने दुसरीकडे उडी मारत नाही. म्हणून पदर उलटा करून बघा. उलटी बाजू सुलटीसारखीच दिसायला हवी, बारीक गाठी आणि टोकं असतील तेवढीच. यंत्रमागावरच्या नकलेत मागे लांब सुटे धागे लोंबतात, किंवा ते कापलेल्याची खुरटी रांग दिसते, किंवा ते झाकायला मागे जाळीचं कापड शिवलेलं असतं. विक्रेता पदर उलटा करू देत नसेल तर उठा.

दुसरी खूण : अगदी एकसारखे मोर. हातमागावर दहा मोर काढले तर चोचीत, मानेत धाग्याभराचा फरक येतोच. आरशातल्यासारखे सगळे एकच असतील तर संशय घ्या.

तिसरी गोष्ट शिक्क्यांची. सिल्क मार्क म्हणजे रेशीम शुद्ध आहे, एवढंच. तो हातमागाची हमी देत नाही. त्यासाठी हँडलूम मार्क वेगळा असतो. एक दाखवून दुसऱ्याचा भाव सांगितला जातो, फसवणूक इथेच जास्त होते. पैठणीला २०१० पासून भौगोलिक मानांकनही आहे. रेशमाची खात्री हवी असेल तर दशीतला एखादा सुटा धागा मागून घ्या आणि जाळा. केस जळल्यासारखा वास आणि बोटांत चुरा होणारी राख म्हणजे रेशीम. वितळून कडक गोळी झाली तर नाही.

नक्षीची नावं विचारून घ्या : काठ नारळी की पंखा, पदरात बांगडी मोर, मुनिया, असावली की कमळ. ‘एकधोटी’ म्हणजे एकाच धोट्यावर (आडवा धागा नेणाऱ्या नळीवर) विणलेली, ताण्याचा म्हणजे उभ्या धाग्यांचा रंग एक आणि बाण्याचा म्हणजे आडव्यांचा दुसरा, उजेडात फिरवली की धूप-छाव दिसते. ‘कडियल’मध्ये काठाचा रंग अंगापेक्षा वेगळा आणि धोटे तीन. साधी बुट्टी आणि लहान पदर असेल तर काही दिवसांत होते, भरगच्च पदराला महिने लागतात. लग्न वैशाखात असेल तर आत्ताच सांगून ठेवा. घाईच्या मागणीलाच यंत्रमागाचा माल पुढे केला जातो.

घरी आणल्यावर मलमलच्या कापडात गुंडाळा, तीन महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडे घाला, नाहीतर जर घडीवर तुटते. अत्तर अंगाला आधी लावा आणि वाळल्यावर साडी नेसा, जरीवर उडालं की ती काळवंडते. डांबराच्या गोळ्या थेट साडीत ठेवू नका.

थोडक्यात

*द्राक्षं वेलीवर कधी दिसतील? (सुरतेहून)* फेब्रुवारी आणि मार्च. एप्रिलात खरड छाटणी होते, ऑक्टोबरच्या सुमारास फळ धरण्यासाठीची, गोड्या बहराची. त्यानंतर चार महिन्यांच्या आसपास घड तयार होतो. वाइनच्या जाती जानेवारीपासून तोडणीला येतात. मे महिन्यात आलात तर नुसतं छाटलेलं लाकूड आणि पालवी. घड स्वतः तोडून खाऊ नका, शेवटची फवारणी कधी झाली ते बागायतदारालाच माहीत असतं.

*रंगपंचमीची रहाड म्हणजे काय? (नागपूरहून)* जुन्या नाशकातले पेशवेकाळापासूनचे जमिनीतले दगडी हौद. वर्षभर झाकलेले असतात, वरून रस्ता चालू असतो. रंगपंचमीला उघडून, धुऊन, पूजा करून रंगाने भरतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला आहे, तो बदलत नाही. लोक उंचावरून उडी घेतात, त्याला ‘धप्पा’ म्हणतात. पोहता येत नसेल तर काठावर उभे राहा, तिथेही कोरडे राहणार नाही. घड्याळ, चष्मा, फोन घरी.

*एकच प्राचीन देऊळ बघायचं तर? (सोलापूरहून)* सिन्नरचं गोंदेश्वर, ३० किलोमीटर. यादवकाळातलं पंचायतन : मधोमध शंकर, चार कोपऱ्यांत पार्वती, गणेश, सूर्य आणि विष्णू. शिखर भूमिज पद्धतीचं. चारी बाजूंनी वर चढणारे उभे पट्टे आणि त्यांच्यामध्ये एकावर एक रचलेली चिमुकली शिखरं आहेत, ती मोजत वर जा. सकाळी आठच्या तिरप्या उन्हात कोरीवकाम उठून दिसतं, दुपारी सगळं सपाट होतं.

*साल्हेर एका दिवसात होईल का? (नाशिकमधूनच)* होईल, पण नाशिकहून पहाटे चारला निघावं लागेल, अंतर शंभरावर आहे. १,५६७ मीटर, महाराष्ट्रातला सगळ्यांत उंच किल्ला. १६७२ ची मोगलांशी झालेली लढाई इथल्याच पायथ्याशी. २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारशात आला. वाघांब्याकडून साल्हेर आणि सालोटा यांच्या खिंडीत चढा, पुढे कातळातल्या पायऱ्या लागतात. माथ्यावर परशुरामाचं मंदिर. चढायला साडेतीन तास धरा, माणशी तीन लिटर पाणी. वर टाकी आहेत, पण उन्हाळ्यात त्यांच्यावर विसंबू नका. माथ्यावरून दुपारी दोनला निघा, म्हणजे उजेड असताना वाघांब्यात उतराल.